जिम्नीला टायर, रिम आणि लाईट: कुठं पैसे घालायचे, कुठं हात आखडायचा

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यातच हात खाजवायला लागतात, माझे पण लागले. मारुतीची जिम्नी घेतली, आणि रात्री जेवण झालं की मोबाईलवर रिम बघत बसायचो, बायको म्हणायची कांदेपोह्याला मुली बघतानासुद्धा एवढे फोटो बघितले नसतील. त्यात मी जे केलं त्यातलं निम्मं उलट्या क्रमाने केलं. आधी लाईट बार म्हणजे छतावरची दिव्यांची लांब पट्टी, मग रिमची स्वप्नं, आणि टायर सगळ्यात शेवटी. आज परत करायचं झालं तर आधी टायर, मग हवा भरायचा कॉम्प्रेसर, मग वायरिंग, मग लाईट, आणि रिम जमलं तर. खाली जे लिहिलंय ते जिम्नीच्या मापांवर आहे पण थार, गुरखा, जुनी जिप्सी काहीही असू दे, हिशोब तोच, आकडे फक्त आपल्या गाडीचे घालायचे.

आधी टायर

कंपनीतनं जिम्नीला १९५/८० आर १५ टायर येतो, तो एचटी म्हणजे हायवे टेरेन. रस्त्यावर मस्त, आवाज नाही, ॲव्हरेज चांगलं, पण पावसात मावळातल्या किंवा वेल्ह्याकडच्या लाल चिखलात गेलात की दोन फेऱ्यांत त्याच्या खाचा भरून जातात आणि टायर चकलीच्या साच्यासारखा न राहता लाटण्यासारखा गुळगुळीत होतो, मग फोर लो (चारही चाकांना जास्त ओढ देणारा गियर) टाका नाहीतर काहीही टाका, गाडी जागेवर गरागरा. आणि आपल्या सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसाल्ट, फुटला की कडा पात्यासारख्या, तो टायरचा तळ नाही कापत, बाजूची भिंत कापतो, आणि साईडवॉल कापली की पंक्चरवाला फक्त मान हलवतो, तिथं पंक्चरची दोरी पण चालत नाही आणि आतनं लावायचा मशरूम पॅच पण नाही.

म्हणून एटी घ्यायचा, ऑल टेरेन. एमटी म्हणजे मड टेरेन दिसायला जबरदस्त असतो, मान्य, पण आपण खरं किती चिखलात जातो ते स्वतःला एकदा प्रामाणिकपणे विचारा. महिन्यातनं एक रविवार, त्यातले दहा किलोमीटर. बाकी सगळा हायवे नाहीतर ऑफिस. एमटी टायर डांबरावर घोंगावतो, ओल्या रस्त्यावर ब्रेकला अंतर जास्त घेतो, लवकर झिजतो. ज्यांची गाडी नुसती ट्रेलवर, म्हणजे कच्च्या डोंगरवाटेवर चालते त्यांनी खुशाल घ्यावा.

आता माप. इथंच सगळ्यात जास्त लोक वाहवत जातात. टायरवर लिहिलेले आकडे वाचता आले पाहिजेत. १९५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या किती टक्के ते, १५ म्हणजे रिम इंचात. म्हणजे भिंत १५६ एमएम, वर-खाली मिळून ३१२, त्यात रिमचे ३८१ मिळवा, झाले ६९३ एमएम. आता २१५/७५ आर १५ काढा, त्याचे होतात साधारण ७०३. फरक दीड टक्का. आणि २३५/७५ आर १५ काढलात तर ७३३, म्हणजे पावणेसहा टक्के जास्त. हा हिशोब कागदावर स्वतः करा, दुकानदार काय सांगतो त्यावर जाऊ नका, कारण त्याच्याकडं जे माप पडून आहे तेच माप तुमच्या गाडीला "एकदम फिट" असतं.

मी २१५/७५ घेतला. कारण एक तर दीड टक्क्याने काहीच बिघडत नाही, मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८१ च्या जरा वर असते. २३५ ला तोच मीटर ८० दाखवताना गाडी जवळजवळ ८५ ला असते आणि पहिल्या गियरला ओढ कमी पडते, कारण चाक मोठं झालं म्हणजे गियरिंग लांबलं, आणि हे दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, १३४ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर, त्याला घाटात आधीच घाम फुटतो. दुसरं कारण जास्त कामाचं: २१५/७५ आर १५ हेच माप बोलेरोला येतं. म्हणजे काय, तर टायर फाटला तर आळेफाटा असो नाहीतर महाड, तालुक्याच्या गावात मिळणार. भारीतलं विलायती माप घालून जुन्नरला अडकलात तर पुण्याहून एसटीने टायर मागवायची वेळ येते.

वाढीव उंचीचा खरा फायदा किती ते पण लक्षात घ्या. टायर १० एमएमने मोठा झाला तर गाडीचं पोट उचललं जातं फक्त त्याच्या निम्म्याने, म्हणजे ५ एमएम. बोटाच्या जाडीएवढं पण नाही. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० आहे तो २१५ होणार. म्हणजे टायर बदलायचा तो उंचीसाठी नाही, पकडीसाठी आणि जाड भिंतीसाठी.

घेताना साईडवॉलवर दोन गोष्टी बघायच्या. लोड इंडेक्स, मूळ टायरला ९६ आहे म्हणजे एका टायरवर ७१० किलो, त्याच्या खाली जायचं नाही, १०० असेल तर ८०० किलो. आणि तारीख, लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षभर गोडाऊनमध्ये पडलेला टायर स्वस्तात देतो म्हणाला तरी मी तरी घेत नाही, सहा महिन्यांच्या आतला मागायचा. आणि घ्यायचे तर पाच. स्टेपनी जुनी ठेवून चार बदलायचे असं सगळे करतात, मग ट्रेलवर एक फाटला की वेगळ्या व्यासाचं चाक लावून फोर बाय फोर चालवायचं म्हणजे ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) अत्याचार, कारण जिम्नीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वेगातला फरक सांभाळणारा सेंटर डिफरन्शियल नाही. पाच घेतले की दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही फिरवायचे, सगळे सारखे झिजतात.

एलटी लिहिलेला टायर, म्हणजे लाईट ट्रकचा, भिंतीला जाड आणि दणकट असतो पण वजन बघा. मी घ्यायच्या आधी मूळ चाक आणि मित्राचं एलटी टायरवालं चाक दोन्ही उचलून आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली होती, तो आधी हसला आणि मग स्वतःच उत्सुकतेने वजनं टाकायला लागला. एका चाकामागं चार किलोच्या वर फरक निघाला. चार किलो ऐकायला काही नाही, पण हे वजन स्प्रिंगच्या खालचं आणि त्यात गोल फिरणारं, ते थांबवायला ब्रेक जास्त लागतो, फिरवायला पेट्रोल जास्त लागतं, आणि पाचवं चाक मागच्या दाराच्या बिजागरीवर लटकलेलं असतं. दोन वर्षांनी दार कुरकुरायला लागलं की आठवण येते.

घासतंय का ते बघायची एक सोपी पद्धत आहे. पुढच्या चाकाच्या आतलं प्लॅस्टिक लायनर आणि मडफ्लॅप स्वच्छ पुसून त्यावर शाळेतल्या खडूने जाड पट्टे ओढायचे. मग स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं, तसंच मागं-पुढं करायचं, मग एक चाक फुटपाथवर किंवा दगडावर चढवून परत तेच. खाली उतरून टॉर्चने बघायचं, खडू कुठं पुसलाय. जिथं पुसलाय तिथं टायर लागतोय. रिकाम्या गाडीत लागत नाही आणि चार माणसं बसली की लागतो असंही होतं, म्हणून मित्रांना वडापावचं आमिष दाखवून गाडीत बसवा.

हवा, यावर कोण बोलत नाही

एवढे पैसे घालून टायर घ्यायचे आणि रस्त्याच्या हवेवरच चिखलात शिरायचं म्हणजे नवीन पैठणी नेसून शेण सारवण्यासारखं आहे. रस्त्यावर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्याप्रमाणे हवा. ट्रेलला शिरताना मी १८ ते २० पीएसआयवर आणतो, टायर पसरतो, दगडावर चेंडूसारखा उड्या न मारता दगडाला मिठी मारतो, गाडीच्या आत पण हाडं कमी खिळखिळी होतात. यापेक्षा खाली गेलात आणि वळणावर जोर दिलात तर टायर रिमवरनं उतरायची भीती, नवीन माणसाने तिकडं जाऊच नये. आणि परत डांबरावर आलं की आधी हवा भरायची आणि मगच गाडी पळवायची, कमी हवेत ऐंशीने पळवलं की टायरची भिंत तापते आणि आतनं मरते, वरून काही दिसत पण नाही. त्यासाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर लागतो, तो सिगारेट लायटरच्या भोकात घालायचा खेळण्यातला नको, बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. लाईट बारच्या आधी हा घ्या. हे मी मुद्दाम दोनदा लिहितोय.

रिम: शक्यतो मूळचंच ठेवा

रिम बदलायची गरज ९० टक्के लोकांना नसते. मूळ रिम १५ इंच, साडेपाच जे म्हणजे साडेपाच इंच रुंदी, त्यावर २१५/७५ व्यवस्थित बसतो, त्या मापाच्या टायरला साडेपाच ते सात इंच रुंदीचं रिम चालतं. २३५/७५ ला मात्र कमीत कमी सहा लागतं, म्हणजे टायर मोठा केला की रिम पण गळ्यात आलं, खर्चाचं गणित तिथंच बिघडतं.

तरी घ्यायचंच असेल तर चार आकडे पाठ करा. पीसीडी ५×१३९.७, म्हणजे पाच नट आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास साडेपाच इंच. हे माप जुन्या विलीज जीपपासून चालत आलंय, जिप्सीला पण हेच, त्यामुळं जुन्या बाजारात पर्याय खूप. मधलं भोक, सेंटर बोअर, १०८ एमएमच्या आसपास, रिमचं भोक त्यापेक्षा मोठं असेल तर मध्ये हब रिंग (चाक ज्यावर बसतं त्या हबभोवतीची कडी) घालून घ्यायची नाहीतर ८० च्या वर स्टेअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालतात. नट १२ एमएम, पिच म्हणजे आट्यांमधलं अंतर १.२५ एमएम. आणि ऑफसेट, मूळ अधिक ५.

ऑफसेट हा सगळ्यात कमी समजलेला आकडा आहे म्हणून जरा सावकाश. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ मारली आणि हबला टेकणारी बाजू त्या रेघेपासून किती बाहेर आहे ते म्हणजे ऑफसेट. आकडा जेवढा कमी, किंवा उणे, तेवढं चाक गाडीच्या बाहेर येणार. समजा कोणी सात जे रुंदीचं उणे १० चं रिम लावलं. रुंदी दीड इंचाने वाढली, त्यातला अर्धा भाग म्हणजे १९ एमएम बाहेर, वर ऑफसेटमुळं १५, एकूण ३४ एमएम चाक बाहेर सरकलं. दिसतं रांगडं, पण स्टेअरिंग जड, हबच्या बेअरिंगवर लिव्हरसारखा भार, आणि पावसात मागच्या दारापर्यंत सगळी गाडी चिखलाने सारवलेली, कारण टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या बाहेर आला की मडफ्लॅप काय करणार. आणि हेच पोलिसांना लांबनं दिसतं.

लोखंडी की अलॉय हा वाद चहाच्या टपरीवर संपत नाही. माझं मत विचाराल तर दगडात फिरणाऱ्याने लोखंडी. दगडावर आपटलं तर लोखंड वाकतं, गावातला कुठलाही लोहार हातोडीने कडा परत सरळ करून टायर हवा धरेल इतपत आणून देतो. अलॉयला तडा गेला की गेला, आणि कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी त्या चाकावर घरच्यांना घेऊन एक्सप्रेसवेला जायचं नाही.

चाक बसवताना आता माझी गोष्ट सांगतो. एका टायरच्या दुकानात पाच टायर बसवले, त्या पोराने एअर गनने टर्रर्र करून नट आवळले, मी पण खुश, काय फास्ट काम. दोन महिन्यांनी वेल्ह्याच्या पुढं केळदला जाताना मागचं चाक बसलं. पाऊस असा की छत्री उलटी. टॉमी म्हणजे नट खोलायचा पाना लावला, हाताने हलेना, पायाने हलेना, मग टॉमीवर उभा राहून उड्या मारायला लागलो, चार नट कर्रकन सुटले आणि पाचव्याला आवाज आला टक. नट नाही, बोल्टच तुटून हातात. उरलेल्या चार नटांवर हळूहळू घरी आलो, सगळा रस्ता खिडकी उघडी ठेवून चाकाचा आवाज ऐकत. तेव्हापासून गन लावू देत नाही. गनने नुसता नट टेकवायचा, शेवटचा आवळा टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना), जिम्नीला १०० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर हिशोब असा, एक फूट लांब दांड्याच्या टोकाला साधारण ३३ किलोचा जोर, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा कमीच. उभं राहून उड्या मारायची गरज नाही. आवळताना गोल गोल जायचं नाही, चांदणी काढतात तसं एक सोडून एक. आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की परत एकदा पाना लावून बघायचा, नवीन रिमवर नट थोडे सैल होतातच.

नंतर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. जिम्नीला पुढं पण सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड दांडा आहे त्यामुळं तिथं फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) सेट होतो, दुकानात कॅम्बर (चाकाचा उभा कल) करून देतो म्हणून वेगळे पैसे मागितले तर गाडीखाली जाऊन कुठला नट फिरवणार ते दाखव म्हणा.

लाईट

आता माझा दुसरा मूर्खपणा. सगळ्यात आधी मी काय घेतलं असेल तर छतावरचा लाईट बार, बाजारातनं, पांढराशुभ्र, दुकानात चालू करून दाखवला तर समोरच्या बिल्डिंगचा तिसरा मजला उजळला. जुलैमध्ये ताम्हिणीत गेलो. धुकं. बटण दाबलं आणि समोर दुधाची भिंत उभी राहिली, बॉनेटच्या पुढं काही दिसेना, रस्त्याची पांढरी रेघ पण गायब. बंद केला तर जास्त दिसायला लागलं. सहा-सात हजार रुपये आणि छताला पाडलेली भोकं, सगळं त्या धुक्यात.

कारण सोपं आहे. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, प्रकाश त्यावर आपटून परत येतो, आणि दिवा जेवढा डोळ्याच्या रेषेजवळ तेवढा तो परतलेला उजेड सरळ डोळ्यात. छतावरचा दिवा बरोबर डोक्यावर. म्हणून फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतो, तो धुक्याच्या खालून रस्त्याच्या कडेवर पसरतो. पिवळा प्रकाश धुकं भेदतो असं जे म्हणतात ते काही खरं नाही, थेंबाला रंग कळत नाही. पण पिवळ्यात निळा भाग नसल्यामुळं डोळ्यांना चमक कमी टोचते, तासभर घाट चढायचा तर हा फरक जाणवतो. म्हणून घाटात फिरणाऱ्याने पहिला खर्च करायचा तो खालच्या फॉग लॅम्पवर, ३००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा पिवळा, रुंद पसरणारा, वरनं सरळ कापलेला बीम.

दुसरा खर्च, आणि हा फुकटात पण होतो, मूळ हेडलाईट नीट सेट करणं. सपाट जागा आणि भिंत शोधा, सोसायटीचं पार्किंग चालतं. हवा बरोबर भरा, ड्रायव्हर सीटवर कोणाला तरी बसवा. गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ लावा, हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, भिंतीवर तेवढ्याच उंचीला टेप चिकटवा, त्याच्या खाली १० सेंटिमीटरवर दुसरी टेप. डिप्परच्या उजेडाची वरची कड खालच्या टेपवर यायला पाहिजे. एवढं केलं की अर्ध्या लोकांना जादाचे लाईट लागणारच नाहीत. मागं सामान भरलं की नाक वर होतं, तेव्हा डॅशबोर्डवरचा लेव्हलर असेल तर फिरवायचा, तो शोभेला दिलेला नाही.

जुन्या हॅलोजन गाडीवाल्यांसाठी: एच ४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दुकानात १००/९० चा काढून देतात. तो बेकायदेशीर आहेच, वर होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा काळा पडतो. आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब खोचणं म्हणजे समोरच्याला आंधळं करायचं मशीन, कारण तो रिफ्लेक्टर बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. त्यापेक्षा तोच ६०/५५ ठेवा आणि त्याची वायर सुधारा. कसं ते बघा.

५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, भागिले १२, झाले साधारण ९ अँपिअर. एक स्क्वेअर एमएमची बारीक वायर चार मीटर गेली आणि चार मीटर परत आली तर वाटेतच सव्वा व्होल्टच्या आसपास खाल्ला जातो. हॅलोजन व्होल्टेजबाबतीत फार नाजूक, व्होल्टेज नऊ-दहा टक्के पडलं की उजेड पाव भागाहून जास्त कमी होतो. तीच वायर अडीच स्क्वेअर एमएम घेतली तर अर्धा व्होल्टच जातो. म्हणजे नवीन दिवा न घेता नुसत्या जाड तांब्याने उजेड वाढला. एलईडीला एवढा फरक पडत नाही पण बारीक वायर तापते ती तापतेच.

वायरिंग कसं करायचं. चार पिनचा रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा डबा घ्या, त्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात. बॅटरीच्या प्लसवरनं वायर निघाली की वितीभराच्या आत फ्यूज, मग ती ३० ला. ८७ वरून वायर दिव्याला. ८६ ला स्विचची वायर, आणि ८५ बॉडीला अर्थ. झालं. स्विचमधून फक्त रिलेला जागं करण्यापुरता करंट जातो, मोठा करंट बॅटरीतनं थेट दिव्याला. ९ अँपिअरला १५ चा फ्यूज. फ्यूज सारखा उडतोय म्हणून ३० चा घालू नका, फ्यूज उडतोय म्हणजे कुठंतरी वायर घासतेय ते शोधा. फ्यूज दिव्याजवळ घालणारे इलेक्ट्रिशियन मी बघितलेत, त्याचा उपयोग शून्य, मधली वायर बॉडीला लागली तर बॅटरीपासून तिथपर्यंत ती निखाऱ्यासारखी लाल होणार.

अर्थ नीट झाला नाही तर पुढं सहा महिने भूतबाधा. रंगावर स्क्रू मारून अर्थ होत नाही. नाणेभर जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसू दे, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बसवा, नटबोल्टने आवळा आणि मग वरून व्हॅसलीन फासा, गंज धरत नाही. जोड नुसता पिळून काळी टेप गुंडाळायचा नाही, मे महिन्यात त्या टेपचा डिंक वितळतो आणि ऑगस्टमध्ये पाणी शिरतं. हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) वापरा. रिले लावताना पिना खाली तोंड करून, म्हणजे पाणी साचत नाही. आणि कंपनीची मूळ वायर सोलून तिथं जोड देऊ नका, कपलरवर कपलर बसणारा तयार हार्नेस म्हणजे वायरचा जुडगा मिळतो तो घ्या, नाहीतर पुढं काहीही बिघडलं तरी वॉरंटीला सर्व्हिस सेंटरवाले ती सोललेली जागा दाखवणार.

बॅटरीचा मायनस काढल्याशिवाय हात घालायचा नाही हे सांगायला पाहिजे का? पाहिजे. माझा पाना एकदा प्लसवरनं बॉडीला टेकला, ठिणगी एवढी की पान्याच्या कडेला खड्डा पडला, तो पाना मी अजून ठेवलाय.

जादाचे दिवे कुठं लावायचे ते कामावरनं ठरवा. ट्रेलवर रात्री वळताना हेडलाईट सरळ बघतो आणि गाडी वळते तिकडं अंधार असतो, त्यासाठी बॉनेटच्या बिजागरीजवळ दोन छोटे दिवे, बाहेरच्या बाजूला ३०-४० अंश वळवून, हे मला सगळ्यात कामाचे वाटले. मागं एक छोटा दिवा, रिव्हर्स घेताना आणि तंबू ठोकताना. छतावरचा बार जिथं धूळ नाही धुकं नाही असं मोकळं माळरान असेल तिथंच, आणि आपल्याकडं धूळ नसलेलं ट्रेल कुठं, पुढच्या गाडीची धूळ पण धुक्यासारखीच. आयपी ६७ किंवा ६८ (धूळ-पाणी आत शिरत नाही याचं माप) लिहिलेला दिवा घ्या. हॅलोजन असेल तर ओढ्यात शिरायच्या आधी पाच मिनिटं बंद करून गार होऊ द्या, तापल्या काचेवर गार पाणी बसलं की काच तडकते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे नोंदलंय आणि कंपनीने जे मूळ बनवलंय त्यात फेरफार करायचा नाही, सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं, बेकायदा फेरफाराला मालकाला दर फेरफारामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दर फेरफारामागं हा शब्द नीट वाचा. केंद्रीय नियमांत नियम १११ आहे, पुढं स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट परवानगीशिवाय लावता येत नाही. बुल बारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर तर २०१७ च्या डिसेंबरपासूनच बडगा आहे.

म्हणजे व्यवहारात, टायर बदलताना कंपनीच्या मापाच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं, फेंडरच्या बाहेर चाक नको. माझे बिजागरीवरचे दिवे ब्रॅकेटसकट दोन नटांवर आहेत, ट्रेल सुरू होतो तिथं लावतो आणि डांबर आलं की काढून डिकीत. कव्हर घातलं की चालतं असं बरेच जण सांगतात, मी त्याच्या भरवशावर नाही. विमा कंपनीला टायर-रिम बदलल्याचं ईमेलवर कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं.

आणि हे सगळं लावून समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका, कोकणात गुन्हे दाखल होतात, गोव्यात पण बंदी आहे, शिवाय भरतीला रुतलेली गाडी काढायला मग ट्रॅक्टरवाला जो भाव सांगेल तो.

टायर घालून झाले की पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर दामटू नका, नवीन रबरवर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो तो जाईपर्यंत ओल्यात पकड कमीच असते. मी पहिल्याच दिवशी पौडच्या पुढं एका ओल्या वळणावर हे शिकलो, गाडीला काही झालं नाही, फक्त शेजारच्या भातखाचरातल्या मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नवी घेतली का रं?"